शाळेच्या कपाटासाठी पुस्तकं कशी निवडायची? (नावांची यादी नको!)

निंबाची_सावली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी राधानगरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते सातवी, पट 84. आमचं वाचनालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट. किल्ली मोठ्या सरांच्या ड्रॉवरमध्ये.

परवा पावसानं मुलं कमी होती, म्हणून दाखल रजिस्टर घेऊन बसले आणि कपाट मोजलं. 412 पुस्तकं निघाली. देवघेवीच्या वहीत दोनदा तरी नाव आलेली त्यातली फक्त 31. काहींची पानं छापखान्यात कापायची राहिली होती, ती अजून तशीच जोडलेली. थोरांच्या चरित्रांचा एक अख्खा संच आहे, त्यात सगळ्यांचा चेहरा एकच, फक्त पगडी बदलते. बोधकथा खंडीभर. शेळीपालनाच्या दोन प्रती आहेत, त्या मात्र पालक आलटूनपालटून नेतात.

आता अनुदान आणि माजी विद्यार्थ्यांनी गणपतीत जमवलेले पैसे मिळून 18,000 रुपये हाताशी आहेत. पुन्हा तेच कपाट भरायचं नाही. तर निवड कशी करायची, तुम्ही कशी केलीत, काय फसलं, ते सांगा. एक हात जोडून विनंती: नावांची यादी टाकू नका. यादी मागितली की आपण सगळे आपापलं बालपण पाठवून देतो.

तांबडा_पांढरा

पहिला नंबर माझा! यादी नको म्हणजे कोल्हापुरात येऊन मिसळ नको म्हटल्यासारखं झालं की हो बाई. :)

ग्रंथपाल_निवृत्त

बाई, शहरातल्या एका हायस्कूलच्या ग्रंथालयात माझी 31 वर्षं गेली. पहिलं काम खरेदीचं नाही, निर्लेखनाचं. फाटकी, जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, बंद झालेल्या परीक्षांची पुस्तकं, वाळवी लागलेली, सगळी बाजूला काढा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा, रजिस्टरला शेरा मारा आणि रीतसर कमी करा. माणसं याला फार घाबरतात. पुस्तक काढायचं म्हणजे सरस्वतीचा अपमान! अहो, चारशे पुस्तकांच्या गर्दीत चांगली तीस पोराला दिसणार कशी? आम्ही एका उन्हाळ्यात तिसरा हिस्सा कमी केला, तर जूनमध्ये पोरं विचारायला लागली, "सर, नवीन पुस्तकं आली काय?" एकही आलं नव्हतं.

दुसरं, ती किल्ली. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र आहे की ग्रंथ वापरण्यासाठी असतात. ड्रॉवरमधल्या किल्लीनं ते पहिल्याच पायरीला मोडतं. दोन सुतळ्या भिंतीला बांधा आणि पुस्तकं कपड्यांसारखी वाळत घाला, मुखपृष्ठ पोरांकडे करून. लहान पोरगं पाठीवरचं नाव वाचून पुस्तक उचलत नाही.

गगनबावड्याचा_पाऊस

सुतळीची कल्पना झकास, पण आमच्याकडे जुलैत पुस्तक वाळत घातलं तर संध्याकाळी पिळून घ्यावं लागेल. :) आम्ही सुतळी ऑक्टोबर ते मे बांधतो. पावसाळ्यात पत्र्याची पेटी आणि तिच्यात कडुनिंबाचा पाला.

पेठेतला_बॅक

भावांनो, मी शिक्षक नाही, पण माझा भाचा सांगतो. सातवीत आहे, पुस्तक म्हटलं की पोटात दुखतं. शाहू स्टेडियमवर मॅच झाली की दुसऱ्या दिवशी पेपरातली बातमी मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आणि कुणाचं नाव चुकीचं छापलंय तेही सांगतो. म्हणजे पोरगं वाचतंय, पण आपण त्याला वाचन म्हणत नाही. फुटबॉल, कुस्ती, मोटरसायकल, असलं काही कपाटात आहे का तुमच्या?

निंबाची_सावली

@पेठेतला_बॅक, नाही हो! आणि तुम्ही लिहिल्यावर आठवलं, 2024 मध्ये पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ घेतलेला स्वप्नील कुसाळे आमच्याच तालुक्यातला, कांबळवाडीचा. तेव्हा मुलांनी पेपरातली कात्रणं आणून एका जुन्या वहीत चिकटवली होती. ती वही आमच्या शाळेत सगळ्यात जास्त हाताळलेलं पुस्तक आहे. रजिस्टरला नोंद नाही तिची.

शुद्धलेखनप्रेमी

मतभेद नोंदवतो. पेपरातली मराठी आज काय दर्जाची आहे ते रोज सकाळी बघतो. मुलाला जे आवडतं तेच द्यायचं तर मग शिक्षक कशाला? रोज वडापाव आवडतो म्हणून आपण रोज वडापाव देतो का? चांगली भाषा कानावरून आणि डोळ्यांखालून गेली पाहिजे, भले सुरुवातीला जड जाईल.

पेठेतला_बॅक

काका, ज्यानं तीन दिवस काहीच खाल्लं नाही त्याला आधी वडापावच द्यावा लागतोय. भाकरीचं उद्या बघू.

ग्रंथपाल_निवृत्त

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं लिहिलंय, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पेपर काही चोरवाट नव्हे. पण शुद्धलेखनप्रेमींचा मुद्दाही सोडू नका. जड पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायला ठेवा. पोराला स्वतः वाचायला जे झेपतं त्यापेक्षा ऐकून कळतं ते दोन इयत्ता पुढचं असतं, असा माझा अनुभव. वाचून दाखवायची पुस्तकं वेगळी निवडा, पोरांनी स्वतः वाचायची वेगळी. आपल्याकडे हा फरकच कुणी करत नाही.

सीमेवरचा

चंदगडकडून. आमच्याकडे काही घरांत कन्नड, गल्लीत चंदगडी, शाळेत पुस्तकी मराठी. त्यामुळे 'इयत्ता तिसरीसाठी' हा मुखपृष्ठावरचा शिक्का आमच्या काही कामाचा नाही.

मी पाच बोटांची युक्ती वापरतो. मूल मधलंच एखादं पान उघडतं आणि वाचताना अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटतं. पानभरात पाचही मिटली तर पुस्तक सध्या जड. ही युक्ती बाहेरून आलेली, म्हणून मी तिच्यात एक बदल केला: शब्द माहीत आहे पण जोडाक्षरानं अडला तर अर्धं बोट. कारण ती दोन वेगळी दुखणी आहेत. एक पोरगं 'आश्चर्य'पाशी थांबलं. मी वाचून दाखवल्यावर म्हणालं, "हे व्हय, मग नीट लिवायचं की!" त्याला शब्द येत होता, अक्षरानं अडवलं होतं. अशा मुलाला गोष्ट त्याच्या वयाची द्यावी आणि जोडाक्षरं कमी असलेली. सहावीच्या पोराच्या हातात 'कमळ बघ'छाप पुस्तक दिलं की ते वर्गात तोंड लपवतं.

जोडाक्षर_काकू

अर्धं बोट कसं मिटायचं ते आधी दाखवा. :D

सीमेवरचा

काकू, वाकवायचं.

उसाचं_कांडं

शिरोळ तालुक्यातून. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीडकडून टोळ्या येतात. त्यांची मुलं शाळेत येतात, मार्चमध्ये जातात. तिकडं अर्धं वर्ष, इकडं अर्धं. गेल्या हंगामात चौथीच्या वयाची एक मुलगी आली. अक्षरं येत होती, वाक्य नाही. तिला बिनशब्दांचं चित्रपुस्तक दिलं. तिनं त्यावर दहा मिनिटं गोष्ट सांगितली, आणि गोष्टीतली म्हातारी मधेच कोयता घेऊन ऊस तोडायला निघाली. चित्रात ऊस नव्हताच.

सांगायचं एवढंच की थोडे पैसे बिनशब्दांच्या पुस्तकांना ठेवा. "यात वाचायला काय आहे, याला पैसे कशाला?" असं समितीतलं कुणीतरी म्हणणार, ती तयारी ठेवा.

आणि पुस्तकं खोपीवर न्यायला द्या. आम्ही 40 दिली, 34 परत आली. वसुली आपल्या पगारातून होईल म्हणून शिक्षक घाबरतात. आम्ही आधीच ठराव करून ठेवला होता की इतकी हरवली तर चालतील.

आईची_नजर

मी पालक आहे, शिक्षक नाही. एक खुपणारी गोष्ट सांगते. माझ्या तिसरीतल्या मुलीनं शाळेतून हडळीचं पुस्तक आणलं. त्यानंतर आठ दिवस दिवा लावून झोपतोय आम्ही. वाचायला द्यायच्या आधी कुणी बघतं की नाही? प्रत्येक शाळेत पालकांची समिती असावी आणि तिच्या सहीशिवाय पुस्तक कपाटात जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तांबडा_पांढरा

वहिनी, आमच्या आज्जीनं खवीस, मुंजा, चकवा सगळे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकले. तिच्याकडं कुठली समिती होती? अजून रात्री पिंपळाखालून जात नाही तो भाग वेगळा.

कागदी_होडी

आईची_नजर, मुलगी घाबरली हे खरं आणि तुमची काळजीही खरी. पण समितीची सही म्हणजे ज्यावर कुणाचाच आक्षेप नाही तेवढंच आत येणार. मग पुन्हा बाईंच्या कपाटातल्या त्या पगड्या. आमच्या शाळेत आम्ही असं ठरवलंय: पालक आपल्या मुलापुरतं "हे नको" म्हणू शकतात, आम्ही ते पाळतो. सगळ्यांसाठी काढायचं असेल तर आधी ते पूर्ण वाचायचं आणि पान नंबर लिहून द्यायचा. लेखी तक्रार तीन वर्षांत एकच आली.

आधी बघावं हे मात्र शंभर टक्के मान्य. प्रत्येक पुस्तक दोन शिक्षकांनी वाचल्याशिवाय आम्ही घेत नाही. भुतापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टींची भीती वाटते. दुष्ट माणूस दरवेळी काळा का? आळशी मुलगा दरवेळी जाडा का? लंगडणाऱ्यावर हसायची सोय केलीय का? आई स्वयंपाकघरातून कधी बाहेर येते का? माणसाच्या आडनावावरून त्याचा स्वभाव ठरवलाय का? हे सगळं जुन्या, भल्या, संस्कारी म्हणवणाऱ्या पुस्तकांत सापडतं, आणि त्यानं कुणी दिवा लावून झोपत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1990 मध्ये एक निबंध लिहिला होता. पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी, असा त्यातला मुद्दा. आमच्या कपाटात पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या मुलांच्या खिडक्या भरपूर. गोठ्यातून शेण काढून शाळेत येणाऱ्या मुलीचा आरसा शोधून सापडत नाही.

आईची_नजर

पान नंबरची पद्धत पटली. समितीचा हट्ट निम्मा सोडते. हडळीचं पुस्तक कालच परत केलं. मुलगी विचारतेय, दुसरा भाग आहे का.

जुना_दस्तऐवज

थोडं अवांतर. समित्या, ठराव वगैरे चाललंय म्हणून आठवलं. भारतात सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा कुणी केला? आपल्या कोल्हापूर संस्थानानं, 1945 साली. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, 1967 चा. त्याच्याही आधी 1850 मध्ये इथं आजच्या करवीर नगर वाचन मंदिराची सुरुवात झालेली, आणि 1917 मध्ये शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढलेला. पोरांना वाचायला शिकवा, हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नव्हती.

पेठेतला_बॅक

जगात भारी! आणि त्याच जिल्ह्यात किल्ली ड्रॉवरमध्ये. नाद खुळा.

नावेतलं_वाचनालय

अवांतरातच अजून एक अवांतर. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या गावातल्या वाचनालयात छातीभर पाणी होतं. पाणी उतरल्यावर पुस्तकं बाहेर काढली, तर त्या गुळगुळीत चकचकीत कागदाच्या महागड्या पुस्तकांच्या विटा झालेल्या. पानं एकमेकांना अशी चिकटली की सुरीनंही सुटेनात. साध्या खरखरीत कागदाची स्वस्त पुस्तकं मात्र पंख्याखाली, पानापानांत रद्दी घालून सावलीत वाळवली, तर बरीचशी वाचली. उन्हात टाकलेल्यांचे पुठ्ठे वाकून पापड झाले. तेव्हापासून खरेदीच्या वेळी मी आधी कागदाला हात लावून बघतो आणि खालचा कप्पा रिकामा ठेवतो.

पुस्तकांचा_हमाल

मी या धंद्यात आहे, म्हणून नाव झाकून लिहितो. बाई, मार्च महिन्यात एक माणूस तुमच्याकडे येईल. त्याच्याकडे 'शालेय ग्रंथालय संच' असेल, घसघशीत सूट असेल आणि बिल तुमच्या रकमेला रुपयाही कमी-जास्त न होता जुळेल. तो संच म्हणजे गोदामात न खपलेला माल असतो. तुमच्या त्या पगड्या तिथूनच आल्या असणार. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

घेताना बांधणी बघा. पुस्तक मधोमध पूर्ण उघडून टेबलावर पालथं ठेवा. नुसत्या गोंदाची बांधणी तिथंच कडकडते, शिलाईची गप्प बसते. तारेच्या पिना असतील तर त्या गंजतात आणि पोरांच्या बोटाला लागतात. मुलांना आवडेल अशी खात्री असलेल्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. दोन मैत्रिणी एकाच वेळी एकच पुस्तक वाचतात, तेव्हा काय बोलणं चालतं ते ऐका कधीतरी. आणि सगळे पैसे एकदम संपवू नका.

मोबाईल_मास्तर

फुकटातलंही बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा आहेत. वाचनाच्या चार पातळ्या लावलेल्या आहेत आणि परवाना मुक्त असल्यानं छापून वाटायलाही हरकत नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर आहेत.

गगनबावड्याचा_पाऊस

मास्तर, आमच्याकडे रेंज शाळेच्या फाटकाबाहेरच्या आंब्याखाली येते. तिथं उभं राहून किती डाउनलोड करणार? रंगीत प्रिंटचा खर्च बघितला तर पुस्तक विकत घेणं स्वस्त पडतं. काळी-पांढरी काढून मुलांकडून रंगवून घेतली, ते मात्र जमलं.

शुद्धलेखनप्रेमी

पुन्हा मीच. बोलीतल्या पुस्तकांचं काय करायचं? हल्ली 'पायजे', 'न्हाई' असं छापलेली पुस्तकं येतात. मुलं तेच उत्तरपत्रिकेत लिहितील.

सीमेवरचा

लिहितील ना. पण आधी वाचतील. आमच्याकडे गोष्टीतल्या म्हातारीनं तोंड उघडलं आणि 'काय रं लेकरा' म्हणाली, तेव्हा मागच्या बाकावरचा एकजण चटकन ताठ बसला. उत्तरपत्रिका कशी लिहायची ते शिकवायला आपण आहोतच की.

निंबाची_सावली

महिनाभरानं येतेय, माफ करा. सगळं वाचलं, काही केलं, ते सांगते.

निर्लेखन केलं. 143 पुस्तकं बाहेर. ठरावाच्या वेळी एक सदस्य म्हणाले, "बाई, पुस्तक रद्दीत घालायचं पाप कुणाच्या माथी?" मी म्हटलं, माझ्या. सुतळ्या बांधल्या. हडळीचा नियम (पान नंबर) समितीत मंजूर करून घेतला.

मग सहा मुलांना घेऊन एसटीनं कोल्हापूरला गेले, महाद्वार रोडवरच्या एका दुकानात. दुकानदारांना आधी फोन केला होता. त्यांनी खाली सतरंजी टाकून दिली. चौथीतली एक मुलगी प्रत्येक पुस्तक आधी नाकाशी नेऊन वास घेत होती, मग शेवटचं पान बघत होती. विचारलं, तर म्हणाली, "शेवट वाईट असल तर आत्ताच कळू दे." पाचवीतला एकजण प्राण्यांच्या मोठ्या रंगीत पुस्तकापाशी अडून बसला. मला वाटलं आवडलं. तर तो दुकानदारांना सांगतोय, "काका, ह्यो गवा न्हाई. ह्याच्या पायात पांढरं मोजं कुठं हायत? ह्यो रेडा हाय." आमची मुलं दाजीपूरच्या कडेची. गवा त्यांच्या शेतात येतो. दुकानदारांनी चष्मा लावून बघितलं आणि पुस्तक मुकाट्यानं परत फळीवर ठेवलं. मी ते घेणारच होते, कागद छान होता!

मी स्वतः लहानपणी जीव टाकलेलं एक पुस्तक हळूच ढिगात सरकवलं. मुलांनी दोनदा बाजूला काढलं. शेवटी माझ्या पैशानं माझ्यासाठी घेतलं.

बिनशब्दांची आठ घेतली, समितीत त्यावर अपेक्षित भाषण ऐकून झालं. वाचून दाखवायची बारा वेगळी ठेवलीत, त्यातली तीन शुद्धलेखनप्रेमींना आवडतील अशी. कात्रणांची वही रजिस्टरला चढवली, नंबर 413. कुस्तीचं एकच मिळालं, ते पहिल्या आठवड्यातच गेलं आणि अजून परत आलेलं नाही. किल्ली ड्रॉवरमध्येच आहे, कारण मोठे सर म्हणतात रात्री कुलूप हवंच. सकाळी परिपाठाच्या आधी सातवीची मुलं ती काढून नेतात.

ग्रंथपाल_निवृत्त

143! शाब्बास बाई. आता सहा महिन्यांनी देवघेवीची वही पुन्हा मोजा आणि आकडा इथं टाका.

निंबाची_सावली

टाकते, सर. आणि एक राहिलंच. 1,140 रुपये शिल्लक आहेत. तोच गवा ओळखणारा मुलगा रोज विचारतोय, ट्रॅक्टरचं इंजिन आतून कसं चालतं याचं चित्रांचं पुस्तक पाहिजे. मराठीत, दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कळेल असं. दुकानात नव्हतं. मोठ्यांसाठीची माहितीपुस्तिका मिळाली, ती त्यानं दोन पानं वाचून परत दिली. कुणाला माहीत असेल तर कृपया नाव सांगा.

तांबडा_पांढरा

शेवटी यादी मागितलीच की हो बाई!